विंबल्डन फुटबॉल क्लब

विंबल्डन फुटबॉल क्लब : इंग्लंडमधील एक प्रसिद्ध फुटबॉल क्लब. हौशी व अर्धव्यावसायिक संघांच्या कनिष्ठ साखळी स्पर्धांतून प्रथम श्रेणीपर्यंत मजल मारणारा, आणि पुढे स्थलांतरामुळे लोप पावल्यावर त्याच्या चाहत्यांनी पुनश्च तळापासून उभा केलेला क्लब म्हणून फुटबॉलच्या इतिहासात त्यास आगळे स्थान आहे. लंडनच्या नैर्ऋत्येकडील विंबल्डन हे उपनगर भारतीय वाचकास मुख्यतः टेनिसमुळे परिचित आहे. तथापि तेथील फुटबॉलची परंपराही शतकाहून जुनी आहे.

अर्धव्यावसायिक क्लब म्हणजे ज्याचे खेळाडू दिवसा अन्य नोकरी-व्यवसाय करतात, सायंकाळी सराव करतात आणि सामन्यांबद्दल अल्प मानधन घेतात, असा क्लब होय. इंग्लंडमध्ये अशा क्लबांची संख्या मोठी आहे. त्यांच्या साखळी स्पर्धा एकीखाली एक अशा स्तरांत रचलेल्या असून प्रत्येक हंगामाअखेर वरच्या क्रमांकांच्या संघांना बढती व तळाच्या संघांना पदावनती मिळते. तत्त्वतः अगदी लहान क्लबलाही या शिडीने शिखर गाठता येते. प्रत्यक्षात मात्र पैसा, मैदान व प्रेक्षकसंख्या यांच्या अभावी बहुतेकांची वाटचाल मध्येच थांबते.

या क्लबची स्थापना १८८९ मध्ये ‘विंबल्डन ओल्ड सेंट्रल्स’ या नावाने झाली. एका स्थानिक शाळेचे माजी विद्यार्थी हे त्याचे मूळ सभासद असून विंबल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर त्यांचे सामने होत. १९०५ मध्ये नावातील ‘ओल्ड सेंट्रल्स’ हे शब्द गळाले. १९१२ मध्ये क्लबला प्लाउ लेन येथे स्वतःचे मैदान लाभले व पुढील सु. ऐंशी वर्षे तेच त्याचे घर राहिले. १९२१ मध्ये क्लबने इस्थमियन लीग या हौशी संघांच्या प्रतिष्ठित स्पर्धेत प्रवेश केला व १९३१ ते १९६४ या काळात तिचे विजेतेपद आठ वेळा मिळविले. हौशी संघांच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात १९३५ व १९४७ मध्ये त्यास पराभव पतकरावा लागला; परंतु १९६३ मध्ये सटन युनायटेड संघाला ४–२ असे हरवून त्याने तो चषक जिंकला. या सामन्यातील विंबल्डनचे चारही गोल एडी रेनल्ड्स याने डोक्याने मारले होते.

हौशी क्षेत्रात मिळविण्यासारखे फारसे काही न उरल्याने १९६४ मध्ये क्लबने सदर्न लीगमध्ये प्रवेश घेऊन अर्धव्यावसायिक स्वरूप पतकरले. १९७४ मध्ये ॲलन बॅट्सफर्ड हे व्यवस्थापक झाले. त्यांनी आपल्या पूर्वीच्या वॉल्टन अँड हर्शम या क्लबमधील काही खेळाडू बरोबर आणले आणि संघास काटेकोर शिस्त लावली. १९७५, १९७६ व १९७७ अशी सलग तीन वर्षे विंबल्डनने सदर्न लीगचे विजेतेपद मिळविले. जानेवारी १९७५ मध्ये एफ. ए. चषक स्पर्धेत या संघाने प्रथम श्रेणीतील बर्नली क्लबला त्याच्याच मैदानावर १–० असे हरवून खळबळ उडविली. पुढील फेरीत तत्कालीन राष्ट्रीय विजेत्या लीड्स युनायटेडविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यात गोलरक्षक डिकी गाय याने पीटर लॉरिमरची पेनल्टी किक अडविली. फेरसामना लीड्सने एकमेव गोलाने जिंकला. तोही विंबल्डनच्या डेव्ह बॅसेट या खेळाडूस लागून चेंडू वळल्यामुळे झाला.

तथापि मैदानावरील यश तेव्हा पुरेसे नव्हते. फुटबॉल लीग ही चार श्रेण्यांची व्यावसायिक स्पर्धा त्या काळी जवळजवळ बंदिस्त होती. चौथ्या श्रेणीतील शेवटच्या चार संघांना दरवर्षी पुनर्निवडीसाठी अर्ज करावा लागे व बाहेरील क्लबही उमेदवार असत. परंतु मतदान सभासद-क्लबांचेच असल्याने ते सहसा आपल्या जुन्या सोबत्यांनाच निवडून देत. १९७७ मध्ये मात्र वर्किंग्टन क्लबच्या जागी विंबल्डनची निवड झाली. गुणवत्तेनुसार आपोआप बढती देण्याची पद्धत १९८७ मध्ये सुरू झाली.

फुटबॉल लीगमधील पहिली काही वर्षे चढउतारांची गेली. १९७९ व १९८१ मध्ये संघास तिसऱ्या श्रेणीत बढती मिळाली. पण १९८० व १९८२ मध्ये त्यास पुन्हा खाली यावे लागले. १९८१ मध्ये व्यवस्थापक झालेल्या डेव्ह बॅसेट यांच्या कारकीर्दीत मात्र संघाने १९८३ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद, १९८४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत व १९८६ मध्ये प्रथम श्रेणीत प्रवेश, असे टप्पे झपाट्याने गाठले. म्हणजे लीगमध्ये प्रवेश मिळाल्यापासून अवघ्या नऊ हंगामांत हा क्लब शिखरावर पोहोचला. मागून लांब व उंच चेंडू टाकून प्रतिस्पर्ध्यांच्या गोलक्षेत्रात थेट धडक देणे, ही त्याची खेळण्याची रीत होती. ती डोळ्यांना सुखद नसल्याची टीका होई. पण महागडे खेळाडू घेण्याची ऐपत नसलेल्या क्लबला ती परवडणारी व फलदायी होती. व्हिनी जोन्ससारखे खेळाडू अर्धव्यावसायिक संघांतूनच येथे आले. १४ मे १९८८ रोजी वेम्ब्ली येथे एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात लॉरी सँचेझच्या गोलामुळे विंबल्डनने बलाढ्य लिव्हरपूलचा १–० असा पराभव केला. गोलरक्षक व कर्णधार डेव्ह बिझंट याने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी किक अडविली, वेम्ब्लीवरील एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात अशी किक अडविली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. हौशी चषक व एफ. ए. चषक असे दोन्ही जिंकणारा ओल्ड कार्थ्यूझियन्सनंतरचा हा दुसराच क्लब ठरला.

या यशाच्या मागोमाग ऱ्हासाची बीजे पेरली गेली. १९८९ मधील हिल्सबरो दुर्घटनेनंतर वरच्या श्रेणीतील मैदानांत सर्व प्रेक्षकांना बसण्याची सोय सक्तीची झाली. प्लाउ लेनवर ती करणे शक्य नसल्याचे सांगून १९९१ मध्ये क्लबने क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून खेळण्यास प्रारंभ केला. पुढे जुन्या मैदानाची जागा विकली गेली व तेथे निवासी इमारती उभ्या राहिल्या. सलग चौदा हंगाम सर्वोच्च श्रेणीत काढल्यावर, चषकविजयास बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, १४ मे २००० रोजी, संघाची पदावनती झाली. तोट्यात गेलेला क्लब सु. ९० किमी. अंतरावरील मिल्टन कीन्झ या नव्या शहरात हलविण्याची योजना मालकांनी २००१ मध्ये जाहीर केली. चाहत्यांनी तीव्र विरोध केला. तरीही त्रिसदस्य स्वतंत्र आयोगाने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने स्थलांतरास मान्यता दिली. सप्टेंबर २००३ पासून क्लब नव्या शहरात खेळू लागला व २००४ मध्ये त्याचे नाव ‘मिल्टन कीन्झ डॉन्स’ असे झाले.

आयोगाच्या निर्णयानंतर काही दिवसांतच चाहत्यांनी ‘ए. एफ. सी. विंबल्डन’ हा नवा क्लब स्थापन केला. असा क्लब फुटबॉलच्या व्यापक हिताचा नाही, असे मत आयोगाने निर्णयात नोंदविले होते. जून २००२ मध्ये विंबल्डन कॉमनवर, म्हणजे मूळ क्लबच्या जन्मस्थळीच, दोनशेहून अधिक इच्छुकांतून खेळाडूंची निवड करण्यात आली. नवव्या स्तरावरील कंबाइंड काउंटीज लीगमध्ये खेळणाऱ्या या अर्धव्यावसायिक संघाचे सामने पाहण्यास सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक येत. क्लबची मालकी चाहत्यांच्या ‘डॉन्स ट्रस्ट’ या संस्थेकडे असून तीत प्रत्येक सभासदास एकच मत असते. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात संघ साखळी स्पर्धांतील सलग ७८ सामन्यांत अपराजित राहिला. २००४, २००५, २००८ व २००९ मध्ये बढत्या मिळविल्यानंतर २१ मे २०११ रोजी मँचेस्टर येथे ल्यूटन टाउनचा पेनल्टी किकांवर पराभव करून त्याने फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळविला. या वेळी मतदानाची गरज नव्हती. २०१६ मध्ये वेम्ब्लीवर प्लिमथ आर्गाइलला २–० असे नमवून क्लब तिसऱ्या स्तरावर पोहोचला. १९७५ चा गोलरक्षक डिकी गाय याला नव्या क्लबने आपले अध्यक्षपद देऊन गौरविले. मूळ क्लबचे चषक २००७ मध्ये मिल्टन कीन्झने मर्टन या स्थानिक बरोच्या स्वाधीन केले.

प्लाउ लेन येथे जुन्या मैदानानजीक, पूर्वी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती जेथे होत त्या जागी, नवे क्रीडागार बांधण्यात आले. त्यासाठी समर्थकांनी रोख्यांद्वारे ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे पहिला सामना झाला. परंतु कोव्हिडच्या साथीमुळे तो रिकाम्या आसनांसमोर खेळावा लागला. २०२२ मध्ये संघ एक पायरी खाली आला व मे २०२५ मध्ये वॉल्सॉलला १–० असे हरवून त्याने ती पुन्हा चढली.

विंबल्डनचा इतिहास म्हणजे एकाच गावाने एकच शिडी दोनदा चढल्याचा इतिहास होय. पहिल्या चढणीने लहान क्लबलाही शिखर असाध्य नाही हे दाखविले. पण मालकी व मैदान हाती नसल्यास ते यश एका निर्णयाने हिरावले जाऊ शकते, हेही तिच्या शेवटाने स्पष्ट केले. दुसरी चढण या धड्यावर आधारलेली होती. क्लब ही विकत घेऊन कोठेही नेता येणारी मालमत्ता, की विशिष्ट स्थळाशी व लोकांशी बांधलेली सामाजिक संस्था, हा त्यातून उपस्थित झालेला प्रश्न इंग्लंडमध्ये दीर्घकाळ चर्चिला गेला. २०२५ च्या फुटबॉल प्रशासन अधिनियमाने स्वतंत्र नियामक नेमून क्लबांच्या मैदानविक्रीवर व स्थलांतरावर निर्बंध घातले, त्यामागे या प्रकरणाचा अनुभव होता.