आयर्लंडमधील उत्सर्जनाधारित मोटारकर आणि वापरलेल्या आयात मोटारी (१९९३–२०२१) : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

आयर्लंड प्रजासत्ताकात २००८ साली मोटारीवरील कराचा आधार बदलण्यात आला. इंजिनाच्या आकारमानाऐवजी कर्बद्विप्राणिद (कार्बन डायऑक्साइड) उत्सर्जन हा कराचा निकष ठरला. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलाची पार्श्वभूमी, त्याचा सामान्य मोटारमालकावर झालेला परिणाम आणि ब्रिटनमधून येणाऱ्या वापरलेल्या मोटारींच्या व्यापाराशी असलेला त्याचा संबंध यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे. पर्यावरणाच्या हेतूने केलेल्या करसुधारणेचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे बहुधा नोंदणीची तारीख आणि देशाची सीमा या दोन गोष्टींवर ठरते, असे या अभ्यासातून दिसून येते.

प्रास्ताविक

कर हे केवळ महसुलाचे साधन नसून समाजाच्या वर्तनाला वळण लावण्याचेही साधन आहे, ही कल्पना अर्थशास्त्राला नवीन नाही. जो प्रदूषण करील त्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय धोरणाच्या केंद्रस्थानी आले. तथापि, तत्त्व आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर असते. करनियमाला एक प्रारंभतारीख असते. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे एकसारख्याच वस्तू असतात आणि त्या वस्तू बाळगणारी माणसे मात्र सारख्या ऐपतीची नसतात. या अंतराचा अभ्यास करण्यासाठी आयर्लंडचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. त्याची कारणे तीन. एक, तेथे मोटारनिर्मितीचा मोठा उद्योग उरलेला नसल्याने नवी मोटार बाहेरूनच येते. दोन, शेजारच्या ब्रिटनप्रमाणेच तेथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे ब्रिटनमधील वापरलेली मोटार तेथे सहज वापरता येते. तीन, उत्तर आयर्लंडशी असलेली भूसीमा खुली आहे.

पार्श्वभूमी : अबकारीकडून नोंदणी कराकडे

आयर्लंडमध्ये मोटारमालकाला दोन स्वतंत्र कर भरावे लागतात. पहिला, मोटार देशात प्रथम नोंदवताना एकदाच भरावयाचा वाहन नोंदणी कर. दुसरा, दरवर्षी भरावयाचा मोटारकर. या दुसऱ्या कराचे राजकीय वजन किती आहे, हे १९७७ च्या निवडणुकीत दिसून आले. फिआना फॉल या पक्षाने लहान मोटारींवरील वार्षिक कर रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि जॅक लिंच यांच्या नेतृत्वाखाली मोठा विजय मिळवला. मात्र ही सवलत फार काळ टिकली नाही. राज्यकोशाला या उत्पन्नाची गरज होती.

वाहन नोंदणी कर १ जानेवारी १९९३ रोजी अस्तित्वात आला. युरोपीय एकसंध बाजारपेठ त्याच दिवशी सुरू झाली व सदस्य राष्ट्रांमधील करसीमा नाहीशा झाल्या. मोटारींवर सीमेवर घेतली जाणारी अबकारी आता घेता येणार नव्हती. म्हणून कर सीमेवरून उचलून नोंदणीच्या टप्प्यावर आणण्यात आला. २००८ पूर्वी या कराचे दर इंजिनाच्या घनक्षमतेनुसार ठरत असत : १४०० घनसेंटिमीटरपर्यंत २२.५ टक्के, १४०१ ते १९०० पर्यंत २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. वापरलेल्या मोटारीच्या बाबतीत ही टक्केवारी देशांतर्गत अपेक्षित विक्रीमूल्यावर आकारली जाई. म्हणजे मोटार जुनी होऊन तिची किंमत जशी उतरे, तसा करही उतरे. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२००८ ची सुधारणा

जून २००७ मध्ये बर्टी अहर्न यांच्या आघाडी सरकारात ग्रीन पक्ष सामील झाला. त्या पक्षाचे जॉन गॉर्मली पर्यावरणमंत्री झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात अर्थमंत्री ब्रायन कोवेन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात नोंदणी करासाठी उत्सर्जनावर आधारित सात गट जाहीर करण्यात आले. दर किलोमीटरला १२० ग्रॅमपर्यंत कर्बद्विप्राणिद सोडणारी मोटार ‘ए’ गटात येऊन तिच्यावर १४ टक्के कर बसणार होता. २२५ ग्रॅमहून अधिक उत्सर्जन असलेल्या ‘जी’ गटासाठी हा दर ३६ टक्के होता. वार्षिक मोटारकरही याच गटांना जोडण्यात आला. तो ‘ए’ गटासाठी १०० युरो, तर ‘जी’ गटासाठी २००० युरो ठरला. ही व्यवस्था १ जुलै २००८ पासून अमलात आली.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. नोंदणी कराची नवी पद्धत त्या तारखेनंतर देशात नोंदल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना, त्या कितीही जुन्या असल्या तरी, लागू झाली. वार्षिक कराचे मात्र तसे नव्हते. २००८ पूर्वी जगात कोठेही प्रथम नोंदलेली मोटार जुन्याच, म्हणजे इंजिनाच्या आकारावर आधारित, तक्त्यात राहिली. १ जानेवारी ते ३० जून २००८ या काळात नोंदलेल्या मोटारींना दोन्हींपैकी जो कर कमी असेल तो भरण्याची मुभा मिळाली. म्हणून २००६ साली ब्रिटनमध्ये नोंदलेली, कमी धूर सोडणारी मोटार २००९ साली आयर्लंडमध्ये आणली, तर तिला नोंदणी करात उत्सर्जनाचा लाभ मिळे. परंतु वार्षिक करात मिळत नसे. एकाच मोटारीला दोन करांत दोन निकष लागू झाले.

मोटारमालकांवरील परिणाम

सुधारणेचा अपेक्षित परिणाम झपाट्याने दिसला. २००७ साली नव्या मोटारींचे सरासरी उत्सर्जन किलोमीटरला सुमारे १६५ ग्रॅम होते. २०१२ पर्यंत ते सुमारे १२५ ग्रॅमवर आले. काही वर्षांतच बहुतांश नव्या मोटारी ‘ए’ आणि ‘बी’ या दोन गटांत मोडू लागल्या. या यशाचे मुख्य वाहन डिझेल हे होते. डिझेल इंजिन त्याच अंतराला कमी इंधन जाळते, म्हणून त्याचे कर्बद्विप्राणिद उत्सर्जन कमी भरते. २००७ साली नव्या मोटारींत डिझेलचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. पाच वर्षांत तो ७० टक्क्यांच्या पुढे गेला.

मात्र या यशातच दोन अडचणी होत्या. पहिली महसुलाची. वार्षिक मोटारकराचे उत्पन्न २०१७ अखेरपर्यंत स्थानिक शासन निधीत जमा होत असे आणि त्यातून नगरपालिका व परगणा परिषदांचा खर्च भागे. लोक कमी कराच्या गटांत गेले, तसे हे उत्पन्न आटू लागले. त्यातच २००८ चे आर्थिक अरिष्ट आले. २००७ साली सुमारे १ लाख ८६ हजार नव्या मोटारी विकल्या गेल्या होत्या. २००९ साली हा आकडा ५७ हजारांच्या आसपास आला. परिणामी दर वाढवणे भाग पडले. ‘ए’ गटाचा वार्षिक कर २००९ मध्ये १०४ युरो, २०१२ मध्ये १६० युरो झाला आणि २०१३ मध्ये या गटाचे उपगट पाडून तो विजेवरील मोटारींसाठी १२० युरो, तर इतरांसाठी १७० ते २०० युरो करण्यात आला. सरकारच्या सांगण्यावरून ज्यांनी स्वच्छ मोटार घेतली होती, त्यांच्याच करात टक्केवारीच्या दृष्टीने मोठी वाढ झाली.

दुसरी अडचण न्यायाची होती आणि ती अधिक खोल होती. २०१३ च्या दरांनुसार १९०१ ते २००० घनसेंटिमीटर इंजिनाच्या, २००७ साली नोंदलेल्या मोटारीला वर्षाला ७१० युरो भरावे लागत. त्याच इंजिनाची, किलोमीटरला १४० ग्रॅम उत्सर्जन असलेली मोटार २००८ च्या उत्तरार्धात नोंदलेली असेल, तर तिला २८० युरो पुरत. दोन मोटारी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणि सारखाच धूर सोडणाऱ्या असल्या, तरी करातील फरक ४३० युरोंचा. हा फरक उत्सर्जनाचा नव्हता, तारखेचा होता. जुनी मोटार सामान्यतः कमी उत्पन्नाच्या किंवा खेड्यापाड्यांतील कुटुंबाकडे असते आणि जेथे बस क्वचितच येते तेथे मोटार ही चैन नसते. अशा कुटुंबाला नवी मोटार घेण्याची ऐपत नसल्याने करसवलतीचे दारच बंद होते. सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. जुन्या मोटारी पूर्वलक्षी प्रभावाने नव्या तक्त्यात आणल्या असत्या, तर जुन्या नियमांवर विसंबून मोटार घेतलेल्यांवर अन्याय झाला असता. ब्रिटनमध्ये २००८ च्या अर्थसंकल्पात २००१ नंतरच्या मोटारींसाठी असाच प्रयत्न झाला आणि तीव्र विरोधामुळे त्याच वर्षी त्याला मुरड घालावी लागली.

वापरलेल्या आयात मोटारी : सीमेचे अर्थकारण

या कोंडीतून मोटारमालकांनी काढलेला मार्ग म्हणजे वापरलेली आयात मोटार. २००८ नंतरची, चार-पाच वर्षे वापरलेली डिझेल मोटार ब्रिटनमधून आणली की वार्षिक कर थेट खालच्या गटात येई. अरिष्टाच्या काळात देशात नव्या मोटारी फार थोड्या विकल्या गेल्याने पुढे चांगल्या वापरलेल्या मोटारींचा तुटवडा निर्माण झाला. तो आयातीने भरून काढला. जून २०१६ मधील ब्रिटनच्या सार्वमतानंतर पौंडाचे मूल्य घसरले आणि या व्यापाराला उधाण आले. २०१५ साली सुमारे ५० हजार असलेली आयात २०१८ व २०१९ साली लाखाच्या घरात गेली. २०१९ मध्ये नव्या मोटारींची विक्री सुमारे १ लाख १७ हजार होती, हे पाहता आयातीचे प्रमाण लक्षात येते.

तथापि, सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे उत्सर्जनचाचणीतील गैरप्रकार उघडकीस आल्यानंतर डिझेलकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. डिझेलमधून कर्बद्विप्राणिद कमी, पण नायट्रोजन ऑक्साइड अधिक बाहेर पडते आणि ते श्वसनाला अपायकारक असते. २०१९ मध्ये डिझेल मोटारींच्या नोंदणीवर १ टक्का अधिभार आला. त्याची जागा १ जानेवारी २०२० पासून नायट्रोजन ऑक्साइड आकाराने घेतली. किलोमीटरला पहिल्या ६० मिलिग्रॅमपर्यंत प्रत्येकी ५ युरो, पुढील २० मिलिग्रॅमसाठी प्रत्येकी १५ युरो आणि ८० च्या पुढे प्रत्येकी २५ युरो. डिझेलसाठी कमाल मर्यादा ४८५० युरो, इतरांसाठी ६०० युरो.

या आकाराची रचना जुन्या कराहून मूलतः भिन्न आहे. युरो ६ मानकाच्या मर्यादेवरील, म्हणजे ८० मिलिग्रॅमच्या डिझेल मोटारीला त्यानुसार ६०० युरो पडत. युरो ५ मानकाच्या मर्यादेवरील, म्हणजे १८० मिलिग्रॅमच्या मोटारीला ३१०० युरो. ही जुनी मोटार १० हजार युरो किमतीची असो वा ५ हजारांची, रक्कम तीच. कर्बद्विप्राणिदावरील कर किमतीच्या टक्केवारीत असल्याने किंमत निम्मी झाली की निम्मा होतो. हा आकार मात्र मोटारीबरोबर झिजत नाही. स्वस्त मोटार शोधणाऱ्याला तो अधिक जड जातो. शिवाय तो नोंदणीच्या वेळी घेतला जात असल्याने देशात आधीपासून नोंदलेल्या, तेवढाच धूर सोडणाऱ्या मोटारीला लागत नाही.

घसाऱ्याचा हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे अनेकदा आला आहे. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराच्या ११० व्या कलमानुसार आयात वस्तूवर देशी वस्तूपेक्षा अधिक अंतर्गत कर लावता येत नाही. हंगेरीच्या नादाश्दी व नेमेथ प्रकरणांत (२००६) पर्यावरणीय वर्गवारीवर आधारलेल्या नोंदणी करातही वापरलेल्या मोटारीचा घसारा विचारात घ्यावा लागेल, असा निर्णय झाला. रोमानियाच्या तातू प्रकरणात (२०११) प्रदूषण कर वरकरणी तटस्थ दिसला, तरी तो जुन्या मोटारींची आयात रोखतो आणि देशातील तशाच जुन्या मोटारींना मोकळे सोडतो, हे न्यायालयाने अमान्य केले. पोर्तुगालविरुद्धच्या २०२१ च्या निर्णयात कराच्या पर्यावरणीय भागालाही घसारा लावला पाहिजे, हे स्पष्ट झाले. पर्यावरणाचा हेतू प्रामाणिक असला, तरी त्याचा भार परक्या मोटारीवरच टाकता येत नाही, हे या निर्णयांचे सार होय.

२०२१ : सीमा पुन्हा उभी राहते

१ जानेवारी २०२१ रोजी दोन बदल एकाच वेळी झाले. नोंदणी कराचे गट नव्या चाचणीपद्धतीनुसार वीस करण्यात आले व दर ७ ते ३७ टक्के झाले. नायट्रोजन ऑक्साइडच्या आकारातील पहिला टप्पा ६० वरून ४० मिलिग्रॅमवर आला. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय करव्यवस्थेतून पूर्णपणे बाहेर पडले. ग्रेट ब्रिटनमधून येणाऱ्या मोटारीवर आता मूल्यवर्धित कर आणि मोटार ब्रिटिश बनावटीची नसल्यास १० टक्के सीमाशुल्कही बसू लागले. उत्तर आयर्लंडमध्ये आधीपासून असलेल्या मोटारींसाठी वेगळे नियम राहिले. ब्रिटनमधील आयात झपाट्याने घटली आणि व्यापारी जपानकडे वळले. तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात.

निष्कर्ष

१. कराचा आधार बदलल्याने नव्या मोटारींची निवड वेगाने बदलली. या मर्यादित अर्थाने २००८ ची सुधारणा यशस्वी ठरली.

२. एकाच प्रदूषकाला निकष मानल्याने दुसरे प्रदूषक वाढले. ते आवरण्यासाठी २०२० मध्ये जो आकार लावला, त्याचा भार आधीच्या धोरणानेच डिझेलकडे वळवलेल्या ग्राहकवर्गावर पडला.

३. सुधारणेचा लाभ मुख्यतः नवी मोटार घेऊ शकणाऱ्यांना मिळाला. जुन्या मोटारीचा मालक तारखेमुळे आणि स्वस्त आयात मोटार शोधणारा न झिजणाऱ्या आकारामुळे तोट्यात राहिला.

४. वापरलेल्या आयात मोटारींचा व्यापार ही करचुकवेगिरी नव्हती. कायद्याने ठेवलेल्या फटीतून सामान्य माणसाने शोधलेला तो रास्त मार्ग होता.

१९९३ साली सीमा पुसली गेली म्हणून नोंदणी कर जन्मला आणि २०२१ साली सीमा परत आली तेव्हा तोच कर सीमाशुल्काच्या जोडीला उभा राहिला. या अठ्ठावीस वर्षांत कराचे निकष अनेकदा बदलले. जुनी मोटार चालवणाऱ्याला तिच्यातून बाहेर पडण्यासाठी काय साहाय्य द्यावे, हा प्रश्न मात्र उरतोच. पर्यावरणीय करांचा विचार करणाऱ्या कोणत्याही देशाने आपले तक्ते आखण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधणे श्रेयस्कर ठरेल.