मुलकी आणि गैरमुलकी

जालन्याहून भोकरदनच्या वाटेनें निघालें म्हणजे राजूरची टेकडी व तीवरील गणपतीचें देवालय दुरूनच दृष्टीस पडतें. अंगारकी चतुर्थीस येथें मराठवाडा, वऱ्हाड व खानदेश अशा तिन्ही प्रांतांतून यात्रा लोटते. आपण कोणत्या राज्यांतून कोणत्या राज्यांत आलों, हा विचार आज ह्या यात्रेकरूच्या मनांत येण्याचें कारण नाहीं. १९४८ पर्यंत मात्र स्थिति निराळी होती. राजूर निजामाच्या राज्यांत, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. आणि जालन्याजवळचेंच देऊळगांव राजा वऱ्हाडांत, म्हणजे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं होतें. देव एक, भाषा एक, सोयरसंबंध एक. पण मधली रेघ ओलांडली कीं कलदार रुपयाच्या जागीं हाली शिक्का येई, करोडगिरीच्या नाक्यावर मालाची जकात द्यावी लागे, आणि मनुष्य ‘गैरमुलकी’ होई.

ह्या शेवटल्या शब्दाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असा आमचा हेतु आहे. परदेशांतून आलेल्यांस ठेवून घ्यावें कीं घालवून द्यावें, हा वाद आज अमेरिकेंत व युरोपांत हातघाईवर आला आहे, आणि आपल्या देशांतही तो अधूनमधून पेट घेतो. तो आपणांस नवा वाटतो; पण आपल्या वाडवडिलांनीं तो दोन्ही बाजूंनीं अनुभविलेला आहे.

हैदराबादेंत हा वाद उठला तो नोकऱ्यांवरून. १८५३ ते १८८३ पर्यंत दिवाणगिरी करणाऱ्या पहिल्या सालारजंगानें कारभाराची घडी नव्यानें बसविली, आणि त्यासाठीं इंग्रजी व कायदा जाणणारीं माणसें बाहेरून, विशेषतः उत्तर हिंदुस्थानांतून, आणविलीं. कारभार सुधारला, पण राज्यांतल्या लोकांस आपल्याच घरांत आपण उपरे झालों असें वाटूं लागलें. सरोजिनी नायडू ह्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हेही असेच बंगालकडून आलेले विद्वान. चांदा रेल्वेच्या व्यवहारास त्यांनीं उघड विरोध केला, तेव्हां १८८३ सालीं त्यांस राज्याबाहेर काढण्यांत आलें. पुढें कांहीं वर्षांनीं परत घेण्यांत आलें. उपयोग आहे तोंवर पाहुणा, आणि तोंड उघडलें कीं परका, हा न्याय कांहीं आजचा नव्हे.

१९१९ च्या नियमांनीं मुलकी कोण, हें ठरवून दिलें. जन्मानें जो राज्याचा प्रजाजन तो मुलकी. ज्याच्या जन्मसमयीं बाप तेथील सरकारी नोकरींत होता व त्या बापाची १५ वर्षें नोकरी पुरी झाली, तो मुलकी. मुलकी पुरुषाची पत्नी मुलकी. आणि जो निदान १५ वर्षें राज्यांत कायमचा राहिला व मूळ गांवीं परतण्याचा विचार सोडल्याचें प्रतिज्ञापत्र ज्यानें मॅजिस्ट्रेटपुढें केलें, तोही मुलकी. ह्या नियमांत दोष असतील. पण एक शहाणपण खास होतें. बाहेरून आलेल्यास आंतला होण्याची वाट त्यांत ठेविली होती, आणि ती वाट किती लांब आहे हेंही सांगितलें होतें.

हाच शब्द राजकारणांत शिरला, तेव्हां मात्र त्याचें हत्यार झालें. १९३८ च्या सप्टेंबरांत स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला, आणि ही सारी बाहेरच्यांची चिथावणी आहे असें सरकार सांगूं लागलें. त्याच वर्षीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठांतील व औरंगाबादच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. जन्मानें मुलकी असलेल्या मुलांस विद्येसाठीं परमुलुख गांठावा लागला! पुढें १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या जुलमामुळें सीमेवरचीं कित्येक कुटुंबें घरदार टाकून वऱ्हाडांत व खानदेशांत गेलीं, आणि तेथें त्यांस आसरा मिळाला.

गंमत अशी कीं, ह्या झगड्यांतील दोन्ही बाजूंचे अग्रणी जन्मानें बाहेरचेच होते. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर जिल्ह्यांतील सिंदगीचे, म्हणजे इंग्रजी मुलखांतले; हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व मग अंबेजोगाईस ते शिक्षक म्हणून आले. रझाकारांचे पुढारी कासीम रझवी लातुरास वकिली करीत, पण त्यांचा जन्म उत्तर हिंदुस्थानांतला. मनुष्य कोठून आला एवढ्यावरून तो काय करील हें सांगतां येत नाहीं, ह्यास ह्याहून बोलका पुरावा कोणता हवा?

ह्या इतिहासाचें दुसरें अंग मात्र आपण सोईनें विसरतों. निजामाच्या राज्यांत हद्रमौतहून आलेले अरब शिपाई पुष्कळ होते. त्यापूर्वीं मराठ्यांच्या पदरींही ते होतेच. १८१८ सालीं मालेगांवच्या किल्ल्यांत इंग्रजी फौजेस त्यांनीं निकरानें तोंड दिलें. परदेशीं चाकरी करणाऱ्या कोणाहीप्रमाणें ते कमाई घरीं धाडीत. हैदराबादेंत जमादारी करणाऱ्या उमर बिन अवद कुऐती ह्याच्या घराण्यानें तर दक्षिणेंतल्या पैशाच्या बळावर शिहर व मकल्ला जिंकून तेथें राज्य स्थापिलें. तें १९६७ पर्यंत चाललें. परंतु अनेक अरब येथेंच रमले. त्यांनीं येथल्या मुलींशीं लग्नें केलीं, आणि त्यांच्या वंशजांचें ‘चाऊस’ हें आडनांव मराठवाड्यांत आज कोणास परकें वाटत नाहीं.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पांच दिवसांत निजामी राजवट कोसळली. त्यानंतर अरब व पठाण ह्यांस परदेशी समजून कित्येकांस स्थानबद्ध करण्यांत आलें, व त्यांस मायदेशीं धाडण्याचें धोरण ठरलें. त्यांत कोणी अपराधी असतील, त्यांस शासन योग्यच होतें. पण ज्याचा आजा येथें आला, ज्याची आई दक्षिणी, आणि ज्यानें समुद्रही कधीं पाहिला नाहीं, त्याचा मायदेश कोणता? गैरमुलकी ह्या शब्दाचे चटके ज्यांनीं सोसले, त्या आपणांस हा प्रश्न सर्वांआधीं सुचावयास हवा होता.

राज्यघटनेच्या पांचव्या कलमानें ह्या प्रश्नास उदार उत्तर दिलें. येथें कायम वास करणारा जो भारतांत जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकीं कोणी एक येथें जन्मलें, किंवा जो त्याआधीं सतत ५ वर्षें येथें राहिला, तो नागरिक. तरीही जुना शब्द मेला नाहीं. १९५२ सालीं हैदराबादेंत गैरमुलकींविरुद्ध दंगल उसळली. बाहेरचे लोक खोटे मुलकी दाखले मिळवून नोकऱ्या बळकावतात, ही मुख्य तक्रार होती. पोलिसांच्या गोळीबारांत माणसें मेलीं. आणि ज्यांच्यावर रोष होता, त्यांतील बहुतेक तेलुगूच बोलणारे होते! मुलकी नियम अखेर १९७३ मध्यें रद्द झाले. इकडे नागरिकत्वाचा कायदाही आक्रसत गेला. १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरेनासा होऊन आई किंवा बाप नागरिक असावा लागला. आणि ३ डिसेंबर २००४ पासून आईबापांपैकीं एकही बेकायदा आलेला नसावा, अशी अट पडली.

आणि आतां प्रवाह उलटा फिरला आहे. मराठवाड्यांतले तरुण पोटासाठीं अरबांच्या देशांत जातात. तेथें वीस वर्षें राबलें तरी मनुष्य बहुधा परकाच राहतो, आणि नोकरी सुटली व परवाना संपला कीं त्यास परतावें लागतें.

राज्य आलें कीं सीमा आली, आणि चोरून येणाऱ्यांस आळा घालणें हें सरकारचें कर्तव्यच आहे, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कोणासही हांकून देण्यापूर्वीं तो येथें किती वर्षें राहिला आणि परत गेल्यावर त्याचें तेथें कोण आहे, हे दोन प्रश्न विचारले जावेत. देऊळगांवचा जो वारकरी १९४८ पूर्वीं राजुरास गैरमुलकी होता, तो पुढें घरचा झाला. तो तोच होता. रेघ तेवढी पुसली गेली होती.