सापळा, फ्लॅश आणि सिमकार्ड

ट्रेल कॅमेरा म्हणजे काय, तर जंगलातल्या पायवाटेवर झाडाला पट्ट्याने बांधायचा डबा. समोरून काही गरम आणि हलणारं गेलं की तो आपणहून फोटो काढतो. त्यात सिमकार्ड असेल तर तो फोटो थोड्या वेळात तुमच्या मोबाइलवर येऊन पडतो. माझा एक कॉलेजचा मित्र सध्या मिशिगनमध्ये आहे. घरामागे झाडी, संध्याकाळी हरणं येतात, आणि शेजारचे सगळे हौशी शिकारी. त्याने विचारलं, "भरवशाचा सेल्युलर ट्रेल कॅमेरा कुठला घेऊ?"

आता मॉडेलचं नाव सांगणं सोपं आहे, पण ते वर्षभरात जुनं होतं. मला जास्त रस वाटला तो 'भरवशाचा' ह्या शब्दात. भरवसा नेमका कशाचा? हे यंत्र गेली सव्वाशे वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी वापरलंय, आणि प्रत्येकाचा भरवसा निराळा होता. म्हणून उत्तर द्यायच्या आधी थोडा इतिहास. गंमत म्हणजे तो सुरू होतो तोही मिशिगनमध्येच.

जॉर्ज शायरस तिसरा (हो, नावातच तिसरा, वडील अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते) हा पेन्सिल्व्हेनियातला वकील. लहानपणापासून मिशिगनमधल्या व्हाइटफिश लेकवर शिकारीला जायचा. तिथल्या ओजिब्वे आदिवासींची रात्रीच्या शिकारीची एक पद्धत होती. होडीच्या नाकावर उजेड ठेवायचा आणि आवाज न करता काठाकाठाने जायचं. पाणी प्यायला आलेलं हरीण उजेडाकडे टक लावून बघत राहतं, त्याचे डोळे चमकतात, आणि त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध नेम धरायचा. शायरसने पद्धत हीच ठेवली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा बसवला. फ्लॅश म्हणजे तेव्हा मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका. तो उडाला की हरणाइतकाच होडीतला माणूसही हादरत असणार.

पुढे त्याने होडीही सोडली. आमिषाला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक कॅमेऱ्याला आणि फ्लॅशला. प्राण्याने आमिष ओढलं की स्वतःचा फोटो स्वतःच काढला! कॅमेरा ट्रॅपचा जन्म हा असा झाला. जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये शायरसचे ७४ फोटो छापून आले. मासिकाचं असं चित्रांचं पुस्तक झालेलं न आवडल्यामुळे संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. आज त्या मासिकाची ओळखच फोटो आहे, ते सोडा. हा शायरस १९०३ ते १९०५ अमेरिकन संसदेतही होता, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना केंद्र सरकारचं संरक्षण हवं असं विधेयक त्याने १९०४ साली मांडलं होतं. शिकाऱ्याची नजर तीच राहिली, नेमाचा हेतू तेवढा बदलला.

भारतात हे काम केलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या इंग्रज वन अधिकाऱ्याने. पहिल्या महायुद्धानंतर तो तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या वनखात्यात आला. तो काळ आठवा. साहेब लोक वाघावर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचे, आणि संस्थानिकांमध्ये आकड्यांची चढाओढ असायची. चॅम्पियनला त्यात रस नव्हता, त्याला जिवंत वाघाचा फोटो हवा होता. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो बारीक तार ताणून ठेवायचा. पाय लागला की फ्लॅश आणि शटर एकदमच. पुडी एकदाच पेटणार, म्हणजे एका रात्रीत एका कॅमेऱ्याचा एकच फोटो. तो साळिंदराने वाया घालवला तर वाघाने उद्या यावं! अशा कैक रात्रींनंतर १९२५ मध्ये त्याचे वाघाचे फोटो इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने छापले, आणि १९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. जिम कॉर्बेटने बंदूक कमी करून कॅमेरा हातात घेतला त्यामागेही चॅम्पियनचे फोटो होते.

चॅम्पियनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे दोन फोटो शेजारी ठेवले की तोच वाघ की दुसरा ते सांगता येतं. ह्या निरीक्षणाची खरी किंमत कळायला आपल्याला पुढे सत्तरेक वर्षं लागली.

मधल्या काळात आपण वाघ मोजत होतो ते पाऊलखुणांवरून. वनरक्षक ठशावर काच धरून तो गिरवून घ्यायचे, आणि तज्ज्ञ ते बघून हा वाघ वेगळा, तो वेगळा असं ठरवायचे. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १८२७ वाघ निघाले ते असेच. कल्पना वाईट नव्हती. रानात पायी फिरणाऱ्या माणसांच्या ज्ञानावर ती उभी होती. पण मातीचा पोत बदलला की ठसा बदलतो, गिरवणारा हात बदलला की रेघ बदलते, आणि आलेला आकडा तिसऱ्या माणसाला पडताळून बघता येत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर लॉग आहे, पण तो लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. त्यात वाघ कमी दाखवले तर जाब आपल्यालाच द्यावा लागणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक.

उल्हास कारंथ ह्यांनी इथे वेगळी वाट धरली. शिक्षणाने ते मेकॅनिकल इंजिनियर (हे लिहिताना मला उगाच अभिमान वाटतोय :) ), मग शेती, मग वन्यजीवशास्त्र. १९९० च्या दशकात त्यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पायवाटांवर कॅमेरे लावले. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. गणित असं: समजा तुमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नेमके किती लोक येतात ते काढायचंय. सोमवारी कुठल्याही ५० जणांच्या हातावर शिक्का मारा. मंगळवारी पुन्हा कुठलेही ५० जण बघा. त्यातल्या १० जणांच्या हातावर शिक्का दिसला, म्हणजे शिक्केवाले एकूण गर्दीच्या एक पंचमांश, म्हणून गर्दी साधारण २५०. वाघाच्या बाबतीत शिक्का मारायची गरजच नाही, तो जन्मतःच अंगावर आहे. १९९५ मध्ये कारंथांचा ह्यावरचा शोधनिबंध आला.

सरकारी यंत्रणा मात्र ठशांवरच होती. मग सरिस्का झालं. राजस्थानातल्या ह्या व्याघ्र प्रकल्पात कागदोपत्री डझनाहून जास्त वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला बातमी आली की तिथे एकही शिल्लक नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते, आणि आकडे शेवटपर्यंत ठीकठाक दिसत होते. त्यानंतर पद्धत बदलली. २००६ च्या अंदाजात कॅमेरा ट्रॅप आले आणि देशातला आकडा निघाला १४११. त्याआधीचा सरकारी आकडा ३६४२ होता. पद्धतच निराळी असल्यामुळे दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही, पण देशाला धक्का बसायचा तो बसलाच.

२०१८-१९ च्या मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. फोटो किती आले? ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजारात जेमतेम दोन! बाकी सगळे चितळ, सांबर, गायीगुरं, वाटसरू आणि वाऱ्याने हललेलं गवत. एवढे फोटो डोळ्यांनी निवडणं अशक्य, म्हणून आधी प्राणी ओळखणारं आणि मग पट्टे जुळवणारं सॉफ्टवेअर लागलं. गिनीज बुकाने ह्याची नोंद घेतली. २०२२ च्या मोजणीत देशाचा अंदाज ३६८२ वर गेला, त्यात महाराष्ट्राचे ४४४.

इथपर्यंतच्या गोष्टीत एक समान धागा आहे, तो म्हणजे उशीर. शायरस काच धुवायला न्यायचा, चॅम्पियन सकाळी तार बघायला जायचा, कारंथांची टीम रोल बाहेर काढायची, आणि डिजिटल आल्यावरही कोणीतरी जाऊन कार्ड काढून आणायचं. फोटो हातात येईपर्यंत प्राणी कधीच निघून गेलेला असायचा. मोजणाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही, त्याला पुरावा हवा असतो आणि पुरावा महिन्यानेही चालतो.

सिमकार्डाने नेमका हा उशीर काढून टाकला. कान्हा-पेंच परिसरात २०२२ मध्ये असे कॅमेरे लावले गेले, जे फोटोतला वाघ किंवा माणूस जागच्या जागी ओळखतात आणि कामाचा तेवढाच फोटो अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाठवतात. वाघ गावाकडे निघालाय हे सकाळी कळण्यात आणि आत्ता कळण्यात एखाद्या माणसाच्या जिवाचा फरक आहे. शिकारी टोळी आत शिरली असेल तर एखाद्या वाघाच्या जिवाचा.

पण हाच फोटो शिकाऱ्याच्या मोबाइलवर आला तर? हरीण आत्ता ह्या पाणवठ्यावर आहे, उठ आणि जा. अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, आणि तिथल्या शिकाऱ्यांमध्ये जनावराला सुटायची संधी हवी असं एक जुनं तत्त्व आहे. म्हणून वाद तिथेच पेटला. ॲरिझोना कोरडं राज्य, पाणवठे मोजके, आणि त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी. १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर बंदी आली. नेवाडा आणि युटाने वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती बंधनं घातली, आणि नेवाडात फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती जास्त कडक आहेत. बंदुकीच्या जागी कॅमेरा आणणाऱ्या शायरसच्या देशात कॅमेरा पुन्हा बंदुकीला जाऊन मिळाला, म्हणून कायदा करावा लागला.

तर आता निवडीचं. आधी ठरवायचं की पुरावा हवाय की खबर. नुसतं कोण येतं-जातं बघायचं असेल तर सिमचा खर्च कशाला, साधा कार्डवाला कॅमेरा घ्यावा आणि महिन्याने कार्ड आणावं. प्राण्यांना आपला त्रासही कमी. रोज जाणं शक्य नसेल किंवा लगेच कळायलाच हवं असेल तरच सेल्युलर. आणि मग मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. प्राणी समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो ते बघावं. अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर नुसत्या शेपट्या जमतात. सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, म्हणून मिशिगनच्या थंडीत तो खूश असतो आणि विदर्भातल्या मे महिन्यात गोंधळतो. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, लिथियम टिकतात. रात्रीचा दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर दूरवर पोचतो पण किंचित लाल दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला कमी. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवावं म्हणजे सूर्य आडवा येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे कॅमेरा लावायचा तिथे उभं राहून रेंज बघावी. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांची ३जी नेटवर्क बंद झाली तेव्हा चांगले चालू असलेले कॅमेरे एका दिवसात मुके झाले. डबा मजबूत होता, पण भरवसा टॉवरवर होता.

आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय कॅमेरा लावताही येत नाही. मग आपल्याला काळजीचं कारण नाही असं वाटेल. पण कॅमेऱ्याला वाघ आणि माणूस सारखेच गरम. २०१७ मध्ये कॉर्बेट परिसरात वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला गेलेली एक बाई टिपली गेली, आणि तो फोटो गावातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर फिरवला. चिडलेल्या गावकऱ्यांनी आसपासचे कॅमेरे फोडले. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ह्या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की सरपण-गवत आणायला जंगलात जाणाऱ्या बाया आता गप्प राहून चालतात. आधी त्या मोठ्याने गात, बोलत जायच्या. जनावराला आपली चाहूल लागावी म्हणून ती पिढ्यानपिढ्यांची रीत होती. आता कोणीतरी बघतंय म्हणून आवाज बंद, आणि वाघ अचानक समोर येण्याचा धोका वाढला.

ह्यावर उपाय फार मोठे नाहीत. कॅमेरा कुठे आहे ते गावाला सांगून लावायचा, बायकांच्या वाटा सोडून लावायचा, आणि माणसाचा फोटो कोण बघणार आणि कधी पुसणार हे आधी लिहून ठेवायचं. जो कॅमेरा माणूस ओळखून अर्ध्या मिनिटात बातमी पाठवू शकतो, तो गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईचा फोटो तिथल्या तिथे टाकूनही देऊ शकतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती एक अट आहे, चार ओळींची. ती लिहायची की नाही हे कॅमेरा ठरवत नाही, ते आपल्यासारखी खुर्चीत बसून कोड लिहिणारी माणसं ठरवतात.