देहरादूनच्या वर्गातले ‘आपले’ आणि ‘परके’

मंडळी, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. लष्करी प्रबोधिनीत ‘परदेशी कॅडेट’ म्हणजे नेमका कोण? तुम्ही म्हणाल, ज्याचा पासपोर्ट वेगळा तो. बरोबर आहे. पण हाच प्रश्न १९१८ साली विचारला असता, तर उत्तर आलं असतं : आपण.

कारण तोपर्यंत हिंदी माणूस कितीही वर्षं फौजेत राहिला, तरी जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार मेजर व्हायचा. त्याला व्हाइसरॉयचं कमिशन मिळायचं. काल इंग्लंडहून आलेला वीस वर्षांचा गोरा लेफ्टनंट त्याच्या डोक्यावर. पहिलं महायुद्ध झालं, लाखो हिंदी सैनिक समुद्रापार गेले, आणि मग सरकारला दर वर्षी दहा, फक्त दहा, जागा सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी ठेवाव्याशा वाटल्या. म्हणजे स्वतःच्या देशाच्या फौजेत अधिकारी व्हायचं तर सहा हजार मैलांवर जाऊन परका म्हणून शिकायचं. खर्च आईबापांचा. सुरुवातीला नापास होणारेही बरेच निघाले, आणि मग ‘बघा, यांच्यात तो गुणच नाही’ असं म्हणायला लोक मोकळे. इंग्रजी शाळेची सवय, खाण्यापिण्याची रीत, खेळ, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या मुलांशी स्पर्धा होती, हे कोण बोलणार? १९२२ साली देहरादूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने मुलांची लष्करी शाळा निघाली, ती ही पूर्वतयारी करून घेण्यासाठीच.

१९२५ च्या स्कीन समितीत जिना होते, मोतीलाल नेहरूही होते, पण ते मध्येच बाहेर पडले. समितीने हिंदुस्थानातच सँडहर्स्ट काढा असं सांगितलं. सरकारने वेळ काढला. गोलमेज परिषदेत पुन्हा हा विषय निघाला, आपले नागपूरचे डॉ. मुंजे तिथे हिरिरीने बोलले, आणि शेवटी १ ऑक्टोबर १९३२ ला देहरादूनला, रेल्वे स्टाफ कॉलेजच्या इमारतीत, इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली.

पहिल्या तुकडीत चाळीस जण. पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा फौजेतल्या शिपायांमधून निवडलेले, दहा संस्थानांचे. हे प्रमाण लक्षात ठेवा. शिकलेल्या घरातली मुलं, रायफल घेऊन आधीच घाम गाळलेले जवान आणि राजेरजवाडे एकाच बराकीत. त्यातही मेख होतीच. इथून निघालेल्यांना पगार सँडहर्स्टवाल्यांपेक्षा कमी, आणि गोऱ्या सैनिकांवर त्यांचा अधिकार मर्यादित.

आता या चाळिसांतली तीन नावं घेतो. सॅम माणेकशा, अमृतसरच्या पारशी डॉक्टरांचा मुलगा, परीक्षेतून आलेला. मुहम्मद मुसा, क्वेट्ट्याचा हजारा, साधा शिपाई म्हणून भरती झालेला. आणि स्मिथ डन, ब्रह्मदेशचा करेन, तोही शिपायांतून वर आलेला. उंचीने इतका लहान की पुढे स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकाला त्याने ‘चार फुटी कर्नल’ असंच नाव दिलं! १९३२ साली या तिघांत परदेशी कुणीच नव्हता. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, तो वेगळा झाला १९३७ ला. क्वेट्टा तर आपलंच.

पुढे काय झालं? १९४८ ला स्मिथ डन स्वतंत्र ब्रह्मदेशाचा सेनापती झाला. वर्षभरातच करेन लोकांचं बंड पेटलं, तो स्वतः करेन, म्हणून त्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी ने विन आला. त्या देशाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मुसा १९५८ ला पाकिस्तानचा लष्करप्रमुख झाला आणि १९६५ च्या युद्धात समोर उभा होता. माणेकशांबद्दल मी काय सांगावं.

अकॅडमीच्या उद्घाटनाला फील्ड मार्शल चेटवुड जे बोलले, ते आजही तिथे भिंतीवर आहे. आशय असा, की आधी नेहमी तुमचा देश, मग तुमचे जवान, तुम्ही सगळ्यात शेवटी. तिघांनीही ते ऐकलं. ‘तुमचा देश’ हा शब्द मात्र पंधरा वर्षांत तिघांसाठी तीन वेगळे अर्थ घेऊन उभा राहिला.

खडकवासल्याकडे येऊ. आपण धरणावर कणीस खायला जातो, त्या पाण्यापलीकडची एनडीए. तिच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक का? दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिक सुदानच्या रक्षणासाठी लढले, त्यांच्या स्मारकासाठी सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीत त्या पैशांचीही वाटणी झाली. सत्तर हजार आपल्याकडे, तीस हजार पाकिस्तानकडे. प्रवेशाचे नियमही वाचून बघा, त्यात अख्खा इतिहास सापडतो. यूपीएससीच्या परीक्षेला भारतीय नागरिक बसतो, तसाच नेपाळचा प्रजाजनही. १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेल्या तिबेटी निर्वासितालाही या नियमांत पूर्वी जागा होती. ब्रह्मदेश, श्रीलंका, केनिया, युगांडा इथून कायमचं राहायला आलेले भारतीय वंशाचे लोकही. यांना सरकारचं पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं, नेपाळी गोरख्याला तेही लागत नाही. बाकी मित्रदेशांचे कॅडेट या परीक्षेतून येत नाहीत, त्यांची सरकारं त्यांना पाठवतात. आपल्याच घरातल्या मुलींना मात्र हे दार २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं, आणि पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. इतका उशीर का, यावर वेगळं व्याख्यान होईल.

मित्रदेशांच्या मुलांचं काय होतं? भूतान, मालदीव, ताजिकिस्तान, बरीच नावं आहेत. एकच गोष्ट सांगतो. १९८२ च्या सुमारास देहरादूनला एक अफगाण तरुण शिकत होता, शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई. वर्गमित्र त्याला शेरू म्हणायचे. पुढे तो तालिबानच्या मोठ्या नेत्यांपैकी एक झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तेव्हा आपल्या प्रबोधिन्यांमध्ये अफगाण फौजेने पाठवलेली मुलं शिकतच होती. ज्या फौजेचे अधिकारी व्हायचं, ती फौजच राहिली नव्हती, आणि जे सत्तेवर आले त्यांच्यात याच देहरादूनचा एक माजी कॅडेट होता. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत अशी सुमारे ऐंशी मुलं शिक्षण पुरं करून बसलेली. परत जाणार कुठे? आपल्या सरकारने त्यांच्यासाठी वर्षभराचा एक अभ्यासक्रम ठेवला, राहण्याची सोय केली. तो अभ्यासक्रम होता कार्यालयात आणि व्यापारात लागणाऱ्या इंग्रजीचा.