चालत्या रथाचा सारथी

२०२५ च्या जून महिन्यात एक वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराच्या मुख्य चित्रपटमालिकेतील पुढचा, म्हणजे सव्विसावा, चित्रपट कॅनडाचे दनी विल्नव्ह दिग्दर्शित करणार, अशी ती वार्ता. नायकाची भूमिका कोण करणार हे त्या वेळी जाहीर झालेले नव्हते. घोड्यांची निवड व्हावयाची होती, परंतु सारथी नेमला गेला होता. चित्रपटाच्या व्यवहारात नायकाच्या नावावर तिकिटे खपतात, हे आपण सर्व जाणतो. मग दिग्दर्शकाच्या नेमणुकीला एवढे महत्त्व का यावे?

एखादा स्वतंत्र चित्रपट काढणे आणि चालू मालिकेतील एक चित्रपट काढणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा वाचणाऱ्याला प्रत्येक पुस्तकात तोच नायक भेटे आणि लेखकही तोच असे. चित्रपटमालिकेत नायक तोच राहतो, पण त्याची कथा सांगणारा बदलतो. नव्या दिग्दर्शकाला घर आयते मिळते. पण त्या घराच्या भिंती त्याला पाडता येत नाहीत, आणि जुन्याच भिंतींना पुन्हा चुना लावला तर पाहुणे परत येत नाहीत. अशा कामाला माणूस निवडणे ही दिग्दर्शनाइतकीच अवघड कला आहे. ती कला मालकाची असते, म्हणून तिची स्तुती फारशी कोणी करीत नाही.

बाँड मालिकेचे मालक होते अल्बर्ट ब्रोकोली व हॅरी साल्ट्झमन. १९६२ साली पहिला चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शन टेरेन्स यंग यांच्याकडे होते. एडिंबरो शहरात एके काळी दुधाच्या गाडीवर काम केलेल्या शॉन कॉनरीला त्यांनी स्वतःच्या शिंप्याकडे नेले, कपडे कसे वागवावेत व जेवणाच्या मेजावर कसे बसावे हे शिकविले. पडद्यावरचा तो ऐटबाज हेर बराचसा दिग्दर्शकाचीच प्रतिकृती होता. दुसरा चित्रपटही यंग यांचाच. तिसरा, १९६४ चा, गाय हॅमिल्टन यांच्याकडे गेला, आणि चौथ्याला, १९६५ मध्ये, यंग पुन्हा बोलाविले गेले. पुढे हॅमिल्टन यांनाही १९७१ मध्ये परत बोलावणे आले. काढून टाकलेल्या अथवा निघून गेलेल्या माणसाला मानाने परत बोलाविणे, हे या घराण्याचे एक वैशिष्ट्य दिसते.

ज्या श्रोत्यांना बऱ्हाणपूरचा इतिहास ठाऊक आहे त्यांना यात काही नवे वाटणार नाही. सोळाव्या शतकात सिंधमधून येऊन स्थायिक झालेल्या सूफी घराण्यांची आठवण आपल्या नावात जपणारा सिंधीपुरा ज्या शहरात आहे, ते हे शहर मोगलांच्या दक्षिण मोहिमेचे मुख्य ठाणे होते. मोहीम एकच, बादशहा एकच, पण सेनापती मात्र सारखे बदलत. १६१० मध्ये अपयशाचा ठपका ठेवून जहांगिराने अब्दुर्रहीम खानखानान यास दक्षिणेतून परत बोलाविले, शाहजादा परवेझ नावापुरता वर ठेवला, आणि इतर सरदारांकडून काम होईना तेव्हा १६१२ मध्ये पुन्हा त्याच खानखानानाला पाठविले. मलिक अंबरासारखा प्रतिस्पर्धी समोर असता नवख्या माणसाचा निभाव लागत नाही, हे दरबाराला दोन वर्षांत कळून चुकले. खानखानान या शहरात दीर्घकाळ राहिला, म्हणूनच १६१५ च्या सुमाराची ती भुयारी पाण्याची योजना, कुंडी भंडारा, त्याच्या कारकिर्दीत उभी राहिली. येऊन जाणाऱ्या शाहजाद्यांना अशी कामे सुचत नाहीत.

असो. बाँड मालिकेच्या मालकांनी एक दुसरी वाटही चोखाळली, आणि माझ्या मते तीच त्यांची खरी हुशारी. ही वाट म्हणजे घरातल्याच कारागिराला गादीवर बसविण्याची. पीटर हंट हे आरंभीच्या चित्रपटांचे संकलक. पात्र दाराशी आले, दार उघडले, आत शिरले, खुर्चीवर बसले, असा संथ क्रम त्यांनी कात्रीने छाटून टाकला आणि मालिकेला तिची धावती चाल दिली. १९६९ मध्ये त्यांना दिग्दर्शन मिळाले. दुर्दैव असे की त्याच वेळी कॉनरी निघून गेला होता आणि जॉर्ज लेझनबी हा अननुभवी तरुण नायक होता. हंट यांनी मूळ कादंबरीशी इमान राखले. नवपरिणीत पत्नीच्या मृत्यूवर चित्रपट संपविण्याचे धैर्य दाखविले. त्या काळच्या प्रेक्षकांना नवा नायक रुचला नाही, आणि हंट यांनी या मालिकेत पुन्हा दिग्दर्शन केले नाही. आज जाणकार त्या चित्रपटाला मालिकेतील उत्तम चित्रपटांत बसवितात. नायकाच्या नापसंतीची किंमत दिग्दर्शकाला मोजावी लागली, असेच म्हणावे लागते.

त्या चित्रपटाचे संकलक होते जॉन ग्लेन. त्यांना बारा वर्षे वाट पाहावी लागली. परंतु १९८१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच चित्रपट त्यांच्याकडे आले. इतके चित्रपट त्या मालिकेत दुसऱ्या कोणालाही लाभलेले नाहीत. उदयपूरच्या सरोवरातील महाल ज्यात झळकला तो १९८३ चा चित्रपट त्यांपैकीच एक. ग्लेन यांना थोर कलावंत कोणी म्हणणार नाही. पण ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या पैशांत, मालिकेचा सूर न बिघडविता चित्रपट पुरा करणारा माणूस मालकाला रात्री सुखाने झोपू देतो, हाही गुण लहान नव्हे.

हे वाचताना मराठी माणसाला ‘प्रभात’ आठवल्यावाचून राहणार नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली ही संस्था भागीदारांची होती. व्ही. शांताराम हे तिचे प्रमुख दिग्दर्शक. १९३५ मध्ये एकनाथांवरील ‘धर्मात्मा’ त्यांनी केला, त्यात बालगंधर्व होते. हेरांचा नव्हे, संतांचा असला, तरी तो एका मालिकेचाच आरंभ म्हणता येईल. दुसऱ्या वर्षी ‘संत तुकाराम’ करावयाचा झाला तेव्हा दिग्दर्शन गेले विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांच्याकडे. एकाची हुकमत ध्वनिमुद्रणावर, तर दुसरे कलादिग्दर्शक. दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. शांतारामबापूंची भव्यतेची ओढ त्यांच्यात नव्हती. देहूचे घर, दारची म्हैस, संतापलेली आवली, हे सारे त्यांनी जसेच्या तसे साधेपणाने उभे केले. विष्णुपंत पागनीस अभिनय करतात असे वाटतच नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पुढे ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) त्याच जोडीने दिला, आणि ‘संत सखू’ला (१९४१) राजा नेने त्यांच्या जोडीला आले. ‘तुकाराम’ शांतारामबापूंकडे गेला असता तर तो वाईट झाला असता असे नाही, पण तो हा झाला नसता. कोणत्या विषयाला कोणता हात लागावा, ही पारख त्या भागीदारांना होती. कारण ते एकाच आवारात, एकमेकांच्या कामाशेजारी वावरत होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले वारले, आणि १९५३ च्या सुमारास संस्थाच मिटली. तिच्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. तेथे आज दिग्दर्शन शिकविले जाते. निवड कशी करावी हे मात्र कोठेही शिकवीत नाहीत!

कन्नड चित्रपटसृष्टीतही याचा पडताळा मिळतो. राजकुमार यांनी सीआयडी ९९९ या हेराची भूमिका १९६८ ते १९७८ या काळात चार चित्रपटांत केली. त्यांपैकी एकाचे तर नावच गोव्यावरून आहे. चारही चित्रपट दोरै आणि भगवान या एकाच जोडीचे, आणि त्यांतील दोरै मूळचे छायालेखक. हिंदीतील ‘टायगर’च्या तीन चित्रपटांना मात्र तीन दिग्दर्शक लाभले: २०१२ मध्ये वृत्तपटांतून आलेले कबीर खान, २०१७ मध्ये अली अब्बास जफर, २०२३ मध्ये मनीश शर्मा. शेवटचे दोघे त्याच कंपनीत सहायक म्हणून वाढलेले. ‘फोर्स’ या मालिकेचा पहिला चित्रपट २०११ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’चे निशिकांत कामत यांनी केला. त्यात पोलिसांची कथा होती. २०१६ मध्ये तीच मालिका परदेशातील हेरगिरीकडे वळली तेव्हा सूत्रे रमेश व सीमा देव यांचे पुत्र अभिनय देव यांच्याकडे आली. दोघेही मराठी, पण कामतांना रस्त्यावरचा घाम दिसे, तर देवांची दृष्टी वेगावर. कामत २०२० मध्ये अकालीच गेले.

पुन्हा बाँडकडे येऊ. नावाजलेल्या कलावंताला ही मालिका द्यावी की नाही, हा प्रश्न मालकांना नेहमी भेडसावत आला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी आपण होऊन विचारणा केली होती आणि त्यांना नकार मिळाला, ही हकिगत त्यांनीच सांगितली आहे. मग त्यांनी १९८१ मध्ये इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट केला. नकार चूक होता की बरोबर, हे ठरविणे कठीण. जगाला मात्र एकाऐवजी दोन मालिका मिळाल्या. १९८९ नंतर सहा वर्षे मालिका बंद होती. ती १९९५ मध्ये नव्या नायकासह उभी करण्यासाठी न्यूझीलंडचे मार्टिन कॅम्बेल आणले गेले, आणि २००६ मध्ये पुन्हा नायक बदलला तेव्हाही त्यांनाच हाक आली. एव्हाना कारभार ब्रोकोलींची कन्या बार्बरा व सावत्र पुत्र मायकेल विल्सन यांच्या हाती होता. २०१२ मध्ये त्यांनी रंगभूमीवरून आलेले, ऑस्करविजेते सॅम मेंडिस निवडले, आणि त्या चित्रपटाने एक अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. तोच प्रयोग डॅनी बॉईल यांच्याबाबत फसला. मार्च २०१८ मध्ये त्यांनी नेमणुकीला दुजोरा दिला आणि ऑगस्टमध्ये मतभेद होऊन ते बाहेर पडले. दुसऱ्याच महिन्यात कॅरी फुकुनागा नेमले गेले. त्यांचा चित्रपट २०२१ मध्ये पडद्यावर आला.

या साठ वर्षांच्या निवडींत चुका थोड्या नाहीत. पण एक गोष्ट कायम होती. निवडणारे डोळे एकाच कुटुंबाचे होते. कात्रीवर बसलेला हंट, दुय्यम पथकासह डोंगरावर चढलेला ग्लेन, हे त्यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः तेथे उभे असत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या कुटुंबाने कलाविषयक निर्णयांचा अधिकार अॅमेझॉन या व्यापारी कंपनीच्या चित्रसंस्थेला दिला. मार्चमध्ये एमी पास्कल व डेव्हिड हेमन हे नवे निर्माते आले, आणि जूनमध्ये विल्नव्ह यांचे नाव जाहीर झाले. ते मोठे दिग्दर्शक आहेत, यात शंका नाही. वाळवंटातील भव्य अवकाश उभा करण्यात त्यांचा हातखंडा आहे. आता सारथी आपल्या पसंतीचे घोडे निवडील, की घोड्यांचा सौदाही कंपनीच्या कचेरीत ठरेल, यावर त्या रथाची पुढची वाट अवलंबून आहे.