मोजपट्टी बदलली की संगीत? हिपहॉप, इंटरनेट आणि एक साधी शंका



संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिल्या मसुद्यात "अमुकमुळे तमुक झालं" अशी वाक्यं हमखास येतात. वाचायला छान वाटतात, पण मुलाखतीत गाईड नेमकं तिथेच बोट ठेवतात. आज असंच एक वाक्य घेऊन त्याची चिरफाड करूया : "इंटरनेटमुळे हिपहॉप हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं संगीत बनलं."

वाक्याला आधार आहे. २०१७ मध्ये नील्सनच्या आकडेवारीत आर अँड बी आणि हिपहॉप या गटाने पहिल्यांदाच रॉकला मागे टाकलं. या गटाचा वाटा २४.५ टक्के, रॉकचा २०.८ टक्के. इंटरनेट आलं, हिपहॉप वर गेलं, विषय संपला. पण विज्ञानशाखेत आम्हाला पहिल्याच वर्षी एक सवय लावतात. आलेखात अचानक उडी दिसली, की आधी विचारायचं : मधल्या काळात उपकरण बदललं का? हाच प्रश्न इतिहासाला विचारला तर काय दिसतं, ते बघू.

इंटरनेटच्या आधी

हिपहॉपची सुरुवात साधारणपणे ११ ऑगस्ट १९७३ या दिवसापासून मोजतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने एका पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचा, ही त्याची युक्ती. शुगरहिल गँगची 'रॅपर्स डिलाइट' ही पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड आली १९७९ मध्ये. म्हणजे सुरुवातीची सहा वर्षं हे संगीत पार्ट्यांत आणि कॅसेटींवर जगलं. एका कॅसेटवरून दुसरी भरायची, मित्राला द्यायची, गाडीत वाजवायची.

हे लक्षात ठेवा, कारण फुकट वाटणं, कॉपी करणं, दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेऊन नवं काही बनवणं या गोष्टी इंटरनेटने हिपहॉपला शिकवलेल्या नाहीत. त्या आधीपासून होत्या. म्हणूनच इंटरनेट आलं तेव्हा या मंडळींना फारसं नवं काही शिकावं लागलं नाही.

पहिलं नवं उपकरण : १९९१

अमेरिकेत कुठलं संगीत किती चालतं हे सांगणारा मुख्य चार्ट बिलबोर्डचा. १९९१ पर्यंत त्याची पद्धत काय होती? दुकानांना विचारायचं, काय खपतंय. दुकानदार किंवा मॅनेजर सांगेल ते धरायचं. त्यात त्याची आवड आली, अंदाज आला, कंपन्यांचा दबावही आला.

२५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डच्या अल्बम चार्टसाठी साउंडस्कॅनची पद्धत आली. गल्ल्यावर बारकोड स्कॅन झाला की नोंद. महिन्याभरातच एन.डब्ल्यू.ए. या कॅलिफोर्नियाच्या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. रेडिओवर ज्यांची गाणी फारशी वाजत नव्हती, असा हा गट. महिन्याभरात अमेरिकेतले श्रोते बदलले नव्हते. रॅप विकत घेणारे आधीपासून होतेच, ते आता मोजणीत आले.

हा सगळा प्रकार इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या आधीचा आहे. हिपहॉप अचानक मोठं "दिसायला" इंटरनेट लागतंच असं नाही, हे इथेच कळतं.

गल्ल्याबाहेर गेलेलं ऐकणं

साउंडस्कॅनची एक मर्यादा होती. ते खरेदी मोजायचं, ऐकणं नाही. सीडी घेऊन एकदा ऐकली काय आणि शंभरदा ऐकली काय, नोंद एकच. जोपर्यंत ऐकण्यासाठी बहुतेकदा विकत घ्यावं लागत होतं, तोपर्यंत हे चालून गेलं.

मग एमपीथ्री आलं आणि जून १९९९ मध्ये नॅपस्टर. आता गाणं गल्ल्यावर न जाता घरी यायला लागलं. एप्रिल २००० मध्ये डॉ. ड्रे या मोठ्या रॅप निर्मात्याने नॅपस्टरवर खटला भरला, २००१ च्या जुलैत नॅपस्टरची ती सेवा थांबली, पण सवय थांबली नाही. २००२ मध्ये एमिनेमचा नवा अल्बम आधीच फुटला म्हणून प्रकाशनाची तारीख अलीकडे आणावी लागली. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याहूनही खाली आली.

लोकांनी संगीत ऐकणं निम्मं केलं का? अजिबात नाही. मोजपट्टीला न दिसणारा भाग वाढत गेला. आणि या न दिसणाऱ्या भागात हिपहॉप कदाचित सगळ्यात जास्त होतं, कारण मिक्सटेप.

मिक्सटेपची वर्षं

मिक्सटेप म्हणजे अधिकृत अल्बमच्या बाहेरचा गाण्यांचा संच. बऱ्याचदा दुसऱ्याच्या गाजलेल्या गाण्याचं संगीत घ्यायचं, त्यावर आपले शब्द चढवायचे, डीजेने ते जोडून द्यायचं. आधी कॅसेट, मग सीडी, आणि २००५ मध्ये डॅटपिफसारखी साइट आल्यावर थेट फुकट डाउनलोड.

कायद्याच्या दृष्टीने हे अधांतरी होतं. कंपन्या स्वतःच नव्या कलाकारांचं नाव व्हावं म्हणून डीजेंकडे गाणी पाठवायच्या. आणि त्याच कंपन्यांच्या संघटनेच्या मदतीने जानेवारी २००७ मध्ये अटलांटात डीजे ड्रामाच्या कार्यालयावर पोलिसांचा छापा पडला. ८१,००० सीडी जप्त झाल्या. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पकडायचं, असा मामला.

याच काळात लिल वेनने मिक्सटेपांचा सपाटा लावला. २००६ आणि २००७ मध्ये त्याची कितीतरी गाणी फुकट फिरत होती. नेहमीचा तर्क सांगतो, फुकट मिळतंय म्हटल्यावर विकत कोण घेईल? जून २००८ मध्ये त्याचा अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात १० लाखांहून जास्त प्रती गेल्या. एका उदाहरणावरून नियम बनवू नका. त्या अल्बममागे रेडिओ होता, मोठी कंपनी होती. पण एवढं नक्की म्हणता येतं, की आधीच्या दोन वर्षांत त्याचा प्रचंड श्रोतृवर्ग तयार झाला होता आणि अल्बमच्या चार्टवर त्या मिक्सटेपांची नोंद जवळपास शून्य होती.

दुसरं नवं उपकरण : २०१३ ते २०२०

फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्डने गाण्यांच्या चार्टात यूट्यूब धरायला सुरुवात केली. डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या चार्टात स्ट्रीमिंग आलं : १,५०० वेळा ऐकलं म्हणजे एक अल्बम विकला. २०१८ मध्ये यात भेद केला. पैसे भरणाऱ्यांनी १,२५० वेळा ऐकलं तर एक अल्बम, जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा ऐकलं तर एक. जानेवारी २०२० पासून यूट्यूबवरचे अधिकृत व्हिडिओही अल्बमच्या मोजणीत आले.

आता १,५०० हा आकडा निसर्गातून आलेला नाही. इथे गुणक माणसांनी बसून ठरवला. आणि मोजायची राशीच बदलली : आधी खरेदी मोजत होतो, आता ऐकणं. एकच अल्बम दिवसभर लावून ठेवणाऱ्या तरुण श्रोत्याचं वजन एका रात्रीत वाढलं. २०१७ ची उडी या पार्श्वभूमीवर वाचा.

एकच अल्बम, दोन मोजण्या

उपकरण बदललं की वस्तू बदलली, हे तपासायचं असेल तर तीच वस्तू दोन्ही उपकरणांनी मोजायची. इतिहासात अशी संधी क्वचित मिळते. इथे मिळाली आहे.

ड्रेकने 'सो फार गॉन' ही मिक्सटेप फेब्रुवारी २००९ मध्ये फुकट दिली. तिच्यामुळे त्याचं नाव झालं, पण त्या फुकट मिक्सटेपला अल्बम चार्टात जागा नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये, दहा वर्षं झाली म्हणून, तीच मिक्सटेप स्ट्रीमिंगवर आली आणि थेट पहिल्या दहात दाखल झाली. ड्रेक तोपर्यंत खूप मोठा झाला होता हे खरं, म्हणजे प्रयोग पूर्ण नियंत्रित नाही. तरी २००९ च्या उन्हाळ्यात जगभर वाजणाऱ्या संचाला शून्य आणि दहा वर्षांनी त्याच संचाला वरची जागा, हा फरक संगीताचा नाही.

याच धर्तीवर २०१६ मध्ये शिकागोच्या चान्स द रॅपरचा 'कलरिंग बुक' हा फक्त स्ट्रीमिंगच्या जोरावर बिलबोर्ड २०० मध्ये आलेला पहिला अल्बम ठरला. त्याच वर्षी ग्रॅमीने विक्रीला न ठेवलेल्या स्ट्रीमिंग अल्बमांना दार उघडलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

मग इंटरनेटने काहीच बदललं नाही का?

बदललं, आणि बरंच. २००७ मध्ये सतरा वर्षांच्या सोल्जा बॉयने घरच्या संगणकावर बनवलेलं गाणं साउंडक्लिक, मायस्पेस, यूट्यूब असं फिरत फिरत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २०१८ मध्ये लिल नॅस एक्सने 'ओल्ड टाउन रोड'साठी लागणारा बीट नेदरलँड्समधल्या एका तरुण निर्मात्याकडून ऑनलाइन ३० डॉलरला घेतला होता. ते गाणं १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्टुडिओ आणि कंपनीशिवाय इतक्या लांब पोहोचणं १९९१ मध्ये फार अवघड होतं.

पण त्याच गाण्याला मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने कंट्री चार्टातून काढून टाकलं, कारण ते त्यांच्या मते पुरेसं कंट्री नव्हतं. म्हणजे "हिपहॉप" या खणात काय पडतं हेही कोणीतरी ठरवतं. सुरुवातीचा २४.५ टक्के हा आकडाही हिपहॉप आणि आर अँड बी एकत्र धरून आलेला आहे, हे विसरू नका.

शिवाय मोजपट्टी नुसती मोजत बसत नाही, मोजल्या जाणाऱ्या वस्तूलाही ढकलते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक नोंद होते. मग गाणं लांबवण्यात फायदा कमी, गाण्यांची संख्या वाढवण्यात जास्त. 'ओल्ड टाउन रोड'ची मूळ आवृत्ती दोन मिनिटांच्याही आतली. ड्रेकच्या २०१८ च्या अल्बमात २५ गाणी. अर्थात त्याच वर्षी पुशा टी आणि कान्ये वेस्ट यांनी प्रत्येकी फक्त सात गाण्यांचे अल्बम काढले. नियम ढकलतो, पण सगळेच ढकलले जात नाहीत. प्रस्तावात असं उलटं उदाहरण स्वतःहून द्या; परीक्षकाने काढण्याची वाट बघू नका.

पणाला काय लागलंय

कोणी म्हणेल, चार्टच तर आहे, एवढं काय? तर पैसा या मोजणीवर ठरतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. आणि आठवणही तिच्यावर ठरते.

२०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केलं, की सर्व्हर हलवताना २०१६ च्या आधीची चढवलेली गाणी गेली. अंदाजे पाच कोटी. त्यातली सुमारे ४,९०,००० कोणीतरी आधी उतरवून ठेवली होती म्हणून वाचली. मिक्सटेपांमधली दुसऱ्यांची संगीततुकडी परवानगीशिवाय असल्याने ती स्ट्रीमिंगवर जशीच्या तशी येऊ शकत नाहीत. चान्सची 'ॲसिड रॅप' २०१९ मध्ये आली तेव्हा एक गाणं गाळावं लागलं. डे ला सोल या गटाचे जुने अल्बम अशाच हक्कांच्या गुंत्यात अडकले आणि मार्च २०२३ मध्ये कुठे स्ट्रीमिंगवर आले. गटातला डेव्हिड जोलिकर त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत वारला.

भरपूर संगीत झालेला हा काळ आणि त्याचीच साधनं अशी विरळ. उद्या कोणी फक्त चार्ट बघून इतिहास लिहिला, तर मिक्सटेपची वर्षं ओसाड दिसतील.

आपल्याकडेही हाच पेच आहे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर बनवलेला 'आफत' यूट्यूबवर टाकला. त्याच्या सुरुवातीच्या प्रवासाची गल्ल्यावर नोंद असण्याचं कारणच नाही. आणि यूट्यूबचा आकडा दाखवतो आजची बेरीज, २०१४ मध्ये कुठल्या महिन्यात किती वाढली ते नाही. मुंबई-पुण्याच्या रॅपवर काम करायचं ठरवलंत, तर पानांच्या जुन्या जतन केलेल्या प्रती शोधा, आकड्यासोबत तो बघितल्याची तारीख लिहा आणि कलाकारांच्या मुलाखती आत्ताच घेऊन ठेवा. त्यांच्या हार्डडिस्क कायम टिकणार नाहीत.

सुरुवातीचं वाक्य आता मी असं लिहीन : "इंटरनेटने हिपहॉप बनवणं आणि पोहोचवणं स्वस्त केलं, २०१४ नंतर मोजणीचे नियम बदलल्यावर आधीपासून होत असलेलं ऐकणं आकड्यात दिसू लागलं, आणि त्या नियमांनी पुढचं संगीतही घडवलं." वाक्य लांबलं, पण त्याचा प्रत्येक भाग वेगळा तपासता येतो. तुमच्या प्रस्तावातलं एक "मुळे" शोधा आणि त्याच्या आधी-नंतर मोजपट्टी तीच होती का, ते लिहून काढा.