‘मेमरी कमी आहे’ म्हणजे नक्की काय कमी आहे?

घरच्या कम्प्युटरवर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताय, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे आहेत आणि मध्येच चौकट येते: मेमरी कमी आहे, फाइल्स सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा. टास्क मॅनेजर बघावा, तर रॅम अजून थोडी शिल्लक दिसते. मग कमी काय पडलं? उत्तरासाठी साठ वर्षं मागे जाऊया, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला.

७ डिसेंबर १९६२ ला तिथल्या विद्यापीठात ‘ॲटलस’ कम्प्युटर सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी आजच्या हिशोबाने ९६ केबी. जोडीला फिरणारा चुंबकीय ड्रम, सहापट मोठा पण बराच हळू. तोवर प्रोग्रॅम मेमरीत मावत नसेल, तर प्रोग्रॅमरनेच त्याचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कधी आत आणायचा तेही लिहायचं. टॉम किलबर्न यांच्या टीमने हे काम मशीनवर सोपवलं. मेमरीची ५१२ शब्दांची ‘पानं’ पाडली. हवं ते पान ड्रमवरून आत, नको ते बाहेर. प्रोग्रॅमला वाटायचं, आपल्याकडे एकच मोठी मेमरी आहे. हीच व्हर्च्युअल मेमरी.

सोपं करून सांगतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. रोजचं सामान ओट्यावर, बाकीचं माळ्यावर. पण भाजीच्या प्रत्येक फोडणीला शिडी लावून माळ्यावर चढावं लागलं तर? दिवसभर चढउतार होईल, स्वयंपाक होणार नाही. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी त्यामागचं कारण नीट मांडलं: प्रत्येक प्रोग्रॅमला एका वेळी काही ठरावीक पानं जवळ लागतातच. सगळ्यांची मिळून ती रॅममध्ये मावली नाहीत, की मशीन फक्त सामान हलवत बसतं.

घरच्या पीसीवर हे यायला वेळ लागला. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर एकूण १ एमबीपर्यंतच पोचू शकत होता, त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी. १९८५ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपमध्ये पानांची सोय आली आणि १९९० च्या विंडोज ३.० ने तिचा वापर केला. पुढे एक्सपीच्या काळात ‘व्हर्च्युअल मेमरी कमी आहे’ हा फुगा स्क्रीनच्या कोपऱ्यात अनेकांनी पाहिला असेल.

आता मूळ प्रश्न. विंडोज प्रोग्रॅमना मेमरी ‘कबूल’ करतं. ही कबुली रॅम अधिक डिस्कवरची पेजफाइल, या बेरजेपलीकडे जाऊ शकत नाही. कबूल केलेला आकडा त्या मर्यादेजवळ गेला, की सूचना येते. म्हणून रॅम शिल्लक दिसत असतानाही ती येऊ शकते.

मग करायचं काय? आधी काम सेव्ह करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे ‘कमिटेड’ हा आकडा बघा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडत आला असेल, तर डिटेल्स टॅबमध्ये ‘कमिट साइझ’ कॉलम घेऊन कोण जास्त खातंय ते शोधा. एखादा प्रोग्रॅम तासातासाला फुगतच असेल, तर तो मेमरी परत करत नाहीये. तो बंद करून अपडेट करा. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर जागा करा, नाहीतर पेजफाइल वाढणार कुठे? आणि ‘स्पीड वाढतो’ म्हणून पेजफाइल बंद करायचा सल्ला मिळाला, तर ऐकू नका. त्याने मर्यादाच खाली येते. सगळं करूनही मशीन रोज रखडत असेल, तरच रॅमवर पैसे घाला.

तुमचा फोन मात्र अशी चौकट सहसा दाखवत नाही. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागचं ॲप गुपचूप बंद करतो. कम्प्युटर निदान आधी विचारतो. म्हणून ती चौकट पुढच्या वेळी आली, की वैतागून क्लोज करू नका. आधी कंट्रोल-एस दाबा.

भेटूया पुढच्या भागात!